चाकांवरचे घर आणि टाकीतील हवा

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेत, कमानिया गेटच्या जवळ, जो गजबजलेला भाग आहे त्याला सारे शहर बडा फुहारा या नावाने ओळखते. फुहारा म्हणजे कारंजे. कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभे असल्यामुळे इतिहासाची आवड असलेला प्रवासी तेथे क्षणभर थांबतो. गृहिणी मात्र खरेदीसाठी थांबते. प्रस्तुत लेखात या नावाचा उपयोग आम्ही एका निराळ्याच कारणासाठी करणार आहोत. कारंज्याचे पाणी वर उडते ते आपल्या हौसेने नव्हे. त्याच्यामागे कोठेतरी उंचावर साठवलेल्या किंवा पंपाने ढकललेल्या पाण्याचा दाब उभा असतो. तोटी बंद केली तरी तो दाब नाहीसा होत नाही. नळीच्या आत तो वाट पाहत राहतो आणि तोटी उघडताच कामाला लागतो. मोठ्या बसचा ब्रेक आणि तिची हवेवरची बैठक ही दोन्ही याच तत्त्वावर चालतात. फरक इतकाच, की तेथे पाण्याच्या जागी हवा असते.

हा विषय कौटुंबिक मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. बस चालवणारा एक असतो आणि तिच्यात बसणारे चाळीस असतात. त्या चाळीसांत आपली आई असते, मुले असतात. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे बसने नर्मदा परिक्रमेस निघतात. जबलपूरजवळचा ग्वारीघाट आणि भेडाघाट ही त्या वाटेवरची परिचित स्थाने. नर्मदेची लांबी सुमारे १३१२ किलोमीटर आहे. दोन्ही तीर मिळून हा प्रवास अडीच हजार किलोमीटरांच्या वर जातो. अनेक बसगाड्यांबरोबर आचारी, शिधा, भांडी आणि अंथरुणे असतात. ती बस काही दिवसांपुरते का होईना, एक फिरते घरच असते. अलीकडे तर खरोखरीच्या फिरत्या घरांचा, म्हणजे शय्या, स्वयंपाकघर आणि स्नानगृह असलेल्या कॅराव्हॅनचा प्रसार होऊ लागला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये अशा पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. घर विकत घेताना आपण भिंतींना ओल आहे काय, छत गळते काय, हे पाहतो. मग जे घर ताशी साठ किलोमीटर वेगाने घाटातून उतरणार आहे, त्याची पाहणी न करता त्यात शिरणे कितपत शहाणपणाचे?

जबलपूर हे गाव या चर्चेस अनुरूपच आहे. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती, आणि मराठी कुटुंबांचा तेथील राबता त्याहूनही जुना आहे. तोफांचे गाडे बनवणारा तेथील कारखाना १९०४ मध्ये सुरू झाला. सैन्यासाठी मोटारगाड्या बनवणारा व्हेईकल फॅक्टरी हा कारखाना १९६९ मध्ये उभा राहिला. अवजड गाडी कशी चालते याहून ती कशी थांबते हा प्रश्न कठीण आहे, हे अशा गावातील कारागिरास वेगळे सांगावे लागत नाही. आपणांस मात्र ते समजून घ्यावयाचे आहे.

पाय आज्ञा देतो, काम हवा करते

लहान मोटारीचा ब्रेक तेलासारख्या द्रवाच्या दाबावर चालतो. चालकाचा पाय त्या द्रवास ढकलतो आणि द्रव चाकाजवळच्या पट्ट्यांस ढकलतो. लहान आकाराच्या कित्येक कॅराव्हॅन अशाच असतात. परंतु दहा-पंधरा टनांची बस थांबवण्यास मनुष्याच्या पायाचे बळ अपुरे पडते. म्हणून मोठ्या बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाडीत हवेचा ब्रेक असतो.

त्याची रचना अशी. इंजिनाबरोबर फिरणारा एक छोटा पंप, ज्यास कॉम्प्रेसर म्हणतात, बाहेरची हवा ओढून दाबतो आणि पोलादी टाक्यांत कोंडतो. बहुतेक मोठ्या गाड्यांत हा दाब ७ ते ८ बारच्या आसपास ठेवलेला असतो. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा भार. घरच्या मोटारीच्या टायरमध्ये साधारणतः सव्वादोन बार दाब असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे टाकीतील हवेच्या जोराची कल्पना येईल. दाब ठरलेल्या मर्यादेस पोहोचला की एक झडप जास्तीची हवा बाहेर सोडते. उभ्या बसखालून मधूनच जो "फुस्स" असा आवाज येतो, तो या झडपेचा. त्याने दचकण्याचे कारण नाही. तो यंत्राचा समाधानाचा सुस्कारा होय.

चालक पायाने जे दाबतो ती केवळ एक तोटी असते. ती उघडताच टाकीतील हवा नळीवाटे प्रत्येक चाकाजवळच्या डब्यात शिरते. या डब्यास ब्रेक चेंबर म्हणतात. त्याच्या आत रबराचा एक गोल पडदा असतो. समजा, पडद्याचे क्षेत्रफळ दीडशे चौरस सेंटिमीटर आहे आणि त्यावर ६ बार दाबाची हवा आली, तर पडद्यामागचा दांडा सुमारे नऊशे किलो वजनाइतक्या जोराने ढकलला जातो. नऊ क्विंटल धान्याची पोती रचून जो भार पडावा, तो एका चाकाच्या ब्रेकवर, चालकाच्या पावलाच्या हलक्या दाबाने पडतो. तो दांडा एक तरफ फिरवतो, तरफ एक आस फिरवते, आणि त्यामुळे लायनर लावलेल्या पट्ट्या चाकाच्या ड्रमला आतून घट्ट भिडतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. येथे पाय केवळ आज्ञा देतो. काम करणारी हवा आहे. टाकीत हवा नसेल तर कितीही बलदंड चालकाने कितीही जोराने पाय रोवला, तरी नेहमीचा ब्रेक त्याची आज्ञा पाळू शकत नाही.

रिकाम्या टाकीची युक्ती

मग हवा अकस्मात गेली तर? या प्रश्नाने एके काळी रेल्वेच्या जाणत्यांनाही ग्रासले होते. अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ मध्ये आगगाडीसाठी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. त्या पहिल्या रचनेत हवा नळीत सोडली की ब्रेक लागत असे. साहजिकच नळी फुटली, की ब्रेकही गेला. तीन वर्षांनी त्याने तर्कच उलटा केला. नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला राहील, आणि दाब गेला की ब्रेक आपोआप लागेल, अशी ती नवी योजना होती. डबे तुटून वेगळे झाले तरी ते आपणहून थांबावेत, अशी ही युक्ती. संकटाच्या वेळी यंत्राने सुरक्षिततेकडेच झुकावे, हा विचार त्या एका बदलाने रूढ झाला.

आजच्या बसमधील हँडब्रेक याच विचाराचे अपत्य आहे. मागच्या चाकांच्या डब्यांत एक अतिशय जबर पोलादी स्प्रिंग बसवलेली असते. ती सतत ब्रेक लावू पाहते. हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो. दाब उतरला की स्प्रिंग पसरते आणि चाके जखडली जातात. रात्रभर उभी असलेली बस सकाळी हवा भरेपर्यंत जागची हलत नाही, तेव्हा प्रवासी कुरकुरतात. वास्तविक ती बस आपले कर्तव्यच करीत असते.

येथेच एक इशारा देणे अगत्याचे आहे. ही स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत डब्यात कोंडलेली असते. तो डबा रस्त्याच्या कडेला, पाना घेऊन, उघडण्याचा प्रयत्न कोणीही, कधीही करू नये. सुटलेली स्प्रिंग जवळच्या माणसाचा प्राण घेऊ शकते. त्या डब्याचे काम योग्य साधने असलेल्या कार्यशाळेतच व्हावयास हवे.

आणखी एक व्यवस्था अशी, की सगळी हवा एकाच टाकीत ठेवलेली नसते. पुढच्या चाकांचा ब्रेक, मागच्या चाकांचा ब्रेक, हँडब्रेक, आणि दरवाजा किंवा हवेची बैठक यांसारखी इतर कामे, असे वेगवेगळे विभाग असतात, आणि त्यांच्यामध्ये संरक्षक झडपा असतात. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा माठ आपण वापरण्याच्या पाण्यापासून निराळा ठेवतो, तशीच ही योजना. बैठकीची पिशवी फुटली तरी ब्रेकची हवा तिच्यावाटे निघून जाऊ नये, आणि एक विभाग रिता झाला तरी दुसऱ्याने गाडी थांबवता यावी, हा तिचा हेतू. म्हणूनच चालकासमोर हवेच्या दाबाचे बहुधा दोन काटे दिसतात.

निलंबन नव्हे, हवेची बैठक

आता दुसऱ्या भागाकडे वळू. चाके आणि वरचा सांगाडा यांना जोडून धक्के सोसणाऱ्या व्यवस्थेस सस्पेन्शन म्हणतात. भाषांतरकारास हा शब्द मोठा अडचणीचा. कोशात त्यास 'निलंबन' असा प्रतिशब्द मिळतो. परंतु 'बसचे निलंबन' असे छापले, तर वाचकांस वाटावे की बसने काही गैरवर्तन केले आणि तिची विभागीय चौकशी चालू आहे! म्हणून येथे आम्ही 'हवेची बैठक' असेच म्हणतो.

जुन्या बसगाड्यांत ही बैठक पोलादी पाट्यांच्या कमानींची असते. पाटे मजबूत, स्वस्त आणि सोशिक. परंतु त्यांचा ताठपणा ठरलेला असतो. भरल्या गाडीस मऊ वाटावेत इतके ते नरम केले तर जादा ओझ्याने गाडी बसेल. ओझ्यास पुरावेत इतके ताठ केले तर रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात उडी मारील. हवेची बैठक ही अडचण दूर करते. पाट्यांच्या जागी जाड रबराच्या, आत धाग्यांचे अस्तर असलेल्या पिशव्या असतात. गॅरेजात त्यांना एअर बेलो म्हणतात. भार वाढला आणि गाडी खाली झुकू लागली की एक लहानशी तरफ वर सरकते, उंची राखणारी झडप उघडते आणि पिशवीत आणखी हवा जाते. भार उतरला की जादा हवा बाहेर सोडली जाते. त्यामुळे गाडी रिकामी असो वा भरलेली, तिची उंची सारखीच राहते आणि धक्केही सारखेच मऊ होतात.

हवेवर भार तोलणे ही कल्पना काही नवी नाही. डनलॉप याने १८८८ मध्ये सायकलीला हवेचा टायर बसवला, तेव्हापासून आपण सारे हवेवरच बसून फिरत आहोत. अमेरिकेत १९५४ मध्ये ग्रेहाउंड कंपनीच्या सीनिक्रूझर या दुमजली ढंगाच्या बसगाड्या हवेच्या बैठकीसह रस्त्यावर आल्या. आपल्याकडे २००१ मध्ये व्होल्व्होच्या लांब पल्ल्याच्या बसगाड्या आल्यावर हा अनुभव सामान्य प्रवाशांस मिळू लागला.

पिशवीचे काम केवळ भार उचलण्याचे असते, हे विसरू नये. चाक मागेपुढे वा आडवे सरकू नये म्हणून वेगळे दांडे असतात, आणि गाडी झोके घेत राहू नये म्हणून शॉक ॲब्सॉर्बर असतात. दांड्यांची रबरी बुशे झिजली किंवा शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळू लागले, तर पिशवी नवी असूनही गाडी डोलते. पिशवी बदलूनही डोलणे गेले नाही, अशी तक्रार करणाऱ्या मालकाने आधी या दोन ठिकाणी पाहावे.

पाणी: हवेचा घरभेद्या

हवेच्या यंत्रणेचा मोठा शत्रू तिच्या आतच जन्मतो. पावसाळ्यात बाहेरची हवा दमट असते. ती दाबून थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, जसे थंड पाण्याच्या तांब्याबाहेर दवबिंदू जमतात तसे. हे पाणी टाकीच्या तळाशी साचते, पोलाद गंजवते, झडपांत शिरून त्या अडकवते, आणि हिमालयासारख्या थंड प्रदेशात गोठून हवेची वाटच बंद करते. त्याखेरीज टाकीत जितके पाणी, तितकी हवेस जागा कमी.

यावर दोन उपाय असतात. पहिला म्हणजे हवा वाळवणारा डबा, अर्थात एअर ड्रायर. त्यात बाष्प शोषणारे दाणे भरलेले असतात. हे दाणे कायमचे टिकत नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीनंतर त्याचे काडतूस बदलावे लागते. दुसरा उपाय म्हणजे टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी काढून टाकणे. ड्रायर असला तरी हे करावे, कारण निघणाऱ्या पाण्यावरून यंत्रणेची प्रकृती कळते. काही निघाले नाही तर उत्तम. बरेच पाणी निघाले तर ड्रायर थकला असे समजावे. दुधट, तेलकट गाळ निघाला तर कॉम्प्रेसर इंजिनाचे तेल हवेत फेकत आहे; ते तेल ड्रायरचे दाणे आणि झडपांची रबरे दोन्ही नासवते. वैद्य जसा जिभेवरून पोटाची परीक्षा करतो, तशीच ही परीक्षा.

घाटात उष्णतेचा हिशेब

नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूरला जाताना खवासा ओलांडल्यावर कुरईचा घाट लागतो. पेंचच्या अरण्यातून जाणारा हा रस्ता आता रुंद झाला आहे, आणि वन्य प्राण्यांस खालून जाता यावे म्हणून तो ठिकठिकाणी उंच खांबांवर नेला आहे. जाताना चढ असतो, परतीच्या वाटेवर उतार. आपला खंबाटकी असो, कसारा असो वा आंबोली असो, उताराचे गणित सर्वत्र एकच.

ते गणित असे. दहा टनांची बस दोनशे मीटर उंचीवरून खाली आली आणि तिचा वेग वाढू द्यावयाचा नसेल, तर तिची सारी शक्ती कोठेतरी उष्णता होऊन जिरली पाहिजे. ही उष्णता इतकी असते, की तिने सुमारे साठ लिटर गार पाणी उकळीस येईल. म्हणजे मोठ्या कुटुंबाच्या स्नानाचे तीन-चार बंब! एवढी उष्णता केवळ ब्रेकच्या ड्रममध्ये ओतली तर ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटू लागते, आणि दांड्यास पूर्वीपेक्षा लांब सरकावे लागते. मग एक क्षण असा येतो, की पुरेपूर हवा असूनही ब्रेक लागत नाही. जळक्या वासाने त्याची वर्दी आधी मिळते.

यास्तव अनुभवी चालक उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो, इंजिनाकडून गाडी आवरून घेतो, आणि एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर असल्यास त्याचा उपयोग करतो. पायाचा ब्रेक तो अधूनमधून, निश्चित दाबाने लावतो. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणे किंवा गिअर काढून गाडी सोडून देणे हा तर आत्मघात होय. इंजिनाचा आधार जातोच, शिवाय इंजिनाबरोबर कॉम्प्रेसर थांबल्याने टाकीत नवी हवा येणेही बंद होते. या पद्धतीने जे चार पैसे वाचतात, त्यांची तुलना ज्याच्याशी करावी लागेल त्याचे मोल पैशात होत नाही.

चाकाजवळील तरफेची फट योग्य आहे काय, हेही घाटापूर्वी पाहावयास हवे. लायनर झिजला की दांड्याची चाल वाढते. पुष्कळ गाड्यांत ही फट आपोआप राखणारा स्लॅक ॲडजस्टर असतो. परंतु 'आपोआप' या शब्दाने मनुष्याचे लक्ष आपोआप सुटते, हा त्यातला धोका. चारही ठिकाणची चाल सारखी नसेल तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढते.

फिरत्या घराच्या खास गोष्टी

रोज धावणाऱ्या बसपेक्षा कॅराव्हॅनचे दुखणे थोडे निराळे असते. ती वर्षातील कित्येक महिने उभीच असते. उभ्या गाडीत रबर वाळते, टाकीत गंज धरतो, आणि हवा हळूहळू गळून पिशव्या दबतात. दबलेल्या पिशवीच्या घडीत माती व खडे अडकतात. तशाच स्थितीत गाडी हलवली तर पिशवी कापली जाते. म्हणून इंजिन सुरू करून गाडी पुरी उंच झाल्यावरच चाक हलवावे. पिशव्यांवर डिझेल किंवा ग्रीस पडू देऊ नये. त्या साध्या पाण्याने धुवाव्यात, आणि घडीत भेगा किंवा आतले धागे दिसू लागले तर बदलून घ्याव्यात.

घर म्हटले की सामान वाढतेच. दोनशे लिटर पाण्याची टाकी भरली की दोनशे किलो वजन चढले. तिच्याच बाजूस गॅसचे सिलिंडर, धान्याचे डबे आणि भांडी रचली, तर हवेची बैठक उंची सारखी राखून तो असमतोल झाकून टाकते. डोळ्यांस गाडी सरळ दिसते, पण एका बाजूच्या टायरांवर आणि ब्रेकवर भार जास्त असतो. पाट्यांची गाडी झुकून तक्रार तरी करते. हवेची गाडी सोसत राहते. तेव्हा सामान दोन्ही बाजूंस वाटून ठेवणे हे गृहिणीचे शास्त्र येथेही उपयोगी पडते.

आणखी एक नियम तर घरातील मुलांनाही शिकवावा: केवळ हवेवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, चेंडू काढण्यासाठीसुद्धा नव्हे. नळी सुटली तर गाडी क्षणात खाली बसते. खाली जाणे आवश्यकच असेल, तर सांगाड्याखाली मजबूत पोलादी आधार आणि चाकांस ठोकळे लावल्यावाचून जाऊ नये.

सकाळची वीस मिनिटे

निघण्यापूर्वीची पाहणी फार अवघड नाही. सपाट जागी, चाकांस ठोकळे लावून, चालकाने ती करावी. प्रवाशांपैकी एखाद्या जाणत्याने शेजारी उभे राहून पाहावे.

पहिली गोष्ट, इंजिन सुरू केल्यावर दोन्ही काटे काही मिनिटांत चढले पाहिजेत आणि कमी दाबाचा बझर बंद झाला पाहिजे. काटा रेंगाळत असेल तर कॉम्प्रेसर थकला आहे किंवा हवा गळत आहे.

दुसरी, टाकी भरल्यावर इंजिन बंद करून, हँडब्रेक सोडून, पायाचा ब्रेक एक मिनिट दाबून धरावा. पहिल्यांदा काटा थोडा उतरेल. त्यानंतर एका मिनिटात तो सुमारे ०.२ बारहून अधिक उतरू नये. या शांत वेळी गळतीचा सूं सूं आवाज कानास ऐकू येतो. शंकेच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात.

तिसरी, इंजिन बंद पण किल्ली चालू ठेवून ब्रेक पुनःपुन्हा दाबून सोडावा. दाब सुमारे ४ ते ५ बारपर्यंत उतरेतो बझर वाजलाच पाहिजे. आवाजाचा त्रास नको म्हणून त्याची तार काढून ठेवलेली आढळली, तर ती गाडी निःसंकोच नाकारावी.

चौथी, टाक्यांचे पाणी काढावे. पाचवी, गाडीच्या मागे दहा पावलांवर उभे राहून ती सरळ उभी आहे काय, हे पाहावे. एक कोपरा खाली असेल तर त्या पिशवीची किंवा झडपेची चौकशी करावी. आणि वाटेत बझर वाजला, तर "पुढच्या गावी पाहू" असे न म्हणता गाडी तत्काळ सुरक्षित जागी थांबवावी. कारण दाब आणखी उतरल्यावर ती कोठे थांबावी, हे स्प्रिंग ठरवील.

या साऱ्यास वीस मिनिटे लागतात. ती कोण हिरावून घेते? बहुधा आपणच. पहाटे चारला निघावयाचे ठरते. कोणाचा चहा राहतो, कोणाची पिशवी सापडत नाही, आणि उशीर झाला की सारे मिळून चालकास घाई करतात. रात्री अकराला गाडी उभी केलेला मनुष्य तोंडावर पाणी मारून गादीवर बसतो आणि पाहणी राहून जाते. त्याने पाहणीसाठी वेळ मागितला, तर आपल्यातलेच कोणी तोंड वाकडे करते. दुर्घटनेनंतर मात्र आपण म्हणतो, ब्रेक निकामी झाला. ब्रेक एकाएकी निकामी होत नाही. बहुधा तो आधी पाणी दाखवतो, आवाज करतो, काटा उतरवतो आणि वास देतो. त्याचे म्हणणे ऐकण्यास कोणी मोकळे नसते, इतकेच.

म्हणून प्रवासाचे वेळापत्रक आखतानाच ही वीस मिनिटे चालकाच्या नावाने लिहून ठेवावीत आणि त्याची झोपही त्यात धरावी. गाडी ठरवताना भाडे, आसने आणि पंखे यांबरोबर मालकास आणखी तीन प्रश्न विचारावेत: ड्रायरचे काडतूस केव्हा बदलले, लायनर केव्हा पाहिले, आणि हवेची गळती शेवटची केव्हा तपासली? ज्या मालकाने काळजी घेतली आहे, त्यास या प्रश्नांचा राग येणार नाही; उलट विचारणारे गिऱ्हाईक भेटले म्हणून त्यास बरेच वाटेल.

पुढील लेखांकात टायर, त्यांचे वय आणि त्यांतील हवेचा दाब यांचा विचार करू.